आढ्यावरचं कुंकू

धोंडीबाई धसईचा बाजार करून मुरबाडला परतली, तर घराच्या पुढच्या पाख्यावर कौलंच नव्हती.

ती तडक कोर्टाच्या बेलिफाकडे, जयरामकडे, गेली. याच घराची लिलावाची दवंडी त्यानं पिटवली होती. तिचा घरमालक राघो याला गहाण सोडवता आलं नाही आणि घर लिलावात धर्माशेटनं घेतलं. धोंडीबाईचा भाडेकरार गहाणाच्याही आधीचा. "तुला कुणी हलवणार नाही," असं जयरामनंच तिला छातीठोक सांगितलं होतं. आता त्याला तिच्याकडे बघवेना.

"पाऊस तोंडावर आलाय. आमी जायाचं कुठं, साहेब?"

जयराम तिच्याबरोबर घरापाशी आला, तोवर आळी गोळा झाली होती. धर्माशेट पुढं उभा होता. गर्दीत राघोही होता, हात उपरण्यात गुंडाळून. परसात कौलं पेंढ्यावर उभी रचलेली, शेवाळ खरवडलेलं, फुटकी बाजूला काढलेली. वर उघड्या आढ्यावर हळदकुंकू ताजं होतं. नव्या मालकानं पूजाही उरकली, असं वाटून जयरामचं डोकं तापलं.

"शेट, कौलं तुम्ही उतरवलीत?"

"मी कशाला? पण बिनछपराच्या घरात बाई राहणार कशी? तिनं जावं हेच बरं."

"पावसाआधी कौलं चाळायची कुणी?"

"बाईशी करार राघोचा. त्याला विचारा."

जयराम थबकला. मग हलकेच म्हणाला, "चोर शेवाळ खरवडत बसत नाही. बाईला हुसकावणारा कौलं पेंढ्यावर ठेवत नाही. हे कौलं चाळण्याचंच, उतरवून साफ करून परत बसवण्याचं काम आहे, अर्धवट राहिलेलं. आणि छपराला हात लावण्याआधी आढ्याला कुंकू मजूर लावत नाही, घरधनी लावतो. शेट तर हे काम अंगाला लावून घेत नाहीत. राघो, हात दाखव."

नखांत हिरवं शेवाळ होतं.

"बाईला कबूल केलं होतं," राघो खाली बघत म्हणाला. "पण लिलाव झालेल्या घरावर चढताना कुणी बघू नये, म्हनून बाजाराचा दिवस धरला. मानसं लवकर परतली. मंग तोंड उघडवलं नाय."

"ते काम तुझं नव्हतंच. शेट, घर घेतलंत ते भाडेकरूसकट. कौलं तुम्ही चाळायची. हे मी लिलावाच्या दिवशीच सांगायला हवं होतं." जयरामचा चेहरा उतरला होता. धर्माशेट शिडी आणायला वळला.

धोंडीबाई मात्र जागची हलली नाही. आल्यापासून तिनं आळीभर कौलं काढणाऱ्या चोराच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या, आणि राघो तिथंच उभा राहून ते ऐकत होता.