डाव्या हाताचा मळ

त्या दुकानात मी शिरले ती शिकायला नाही, भांडायला. आमच्या होहोए शहरातली वीज सकाळपासून तिसऱ्यांदा गेली होती आणि जाताना, बॅटरी मेलेल्या माझ्या लॅपटॉपमधून, चार तासांचं काम घेऊन गेली होती. व्हिडिओ जोडायचं ते सॉफ्टवेअर माझ्या भावाने याच दुकानातून आणलं होतं.

"तुमच्या सॉफ्टवेअरनं माझं काम खाल्लं!" मी लॅपटॉप काउंटरवर आपटला.

काउंटरमागच्या तरुणाने आधी त्यावरची धूळ फुंकली. "सेव्ह केलं होतंत?"

"ते... आपोआप होत नाही?"

"लग्न होतं का आपोआप?"

तो हसला. गालाला खळी पडली, तीही एकाच बाजूला. माझा पारा आणखी चढला.

लग्नाचंच तर सगळं अडलं होतं. माझी बहीण डेला हिला मागणी घालायला मुलाकडची माणसं आमच्याकडे रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन येऊन गेली होती. पण घरातले सर्वांत वडीलधारे, आमचे आजोबा, मांडीचं हाड मोडून गावी पडून होते. ती मागणी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून होकार दिल्याशिवाय तारीख निघणार नव्हती. दोन चुलतभावांनी दोन फोनवर चित्रण केलं होतं, एकूण तीन तास. त्यातला अर्धा तास तर एका काकांची नुसती पाठ. हे सगळं जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, का तर म्हणे, यायराला कॉम्प्युटर येतो. मला टायपिंग येतं हो!

"मी एलिकेम," तो म्हणाला. "रोज दुपारी या. शिकवतो."

मी गेले. काय करणार, आजोबांनी व्हिडिओ बघायला तीन आठवड्यांनंतरचा शनिवार ठरवून टाकला होता.

त्या तीन आठवड्यांत माझ्या नाकी नऊ आले. मी एक तुकडा कापावा तर दुसराच गायब व्हायचा. आवाज एकीकडे, ओठ दुसरीकडे. मावशी तोंड मिटून गात होती आणि काका बाईच्या आवाजात बोलत होते. एलिकेम शेजारच्या स्टुलावर बसून तळलेली केळी खात हे सगळं शांतपणे बघायचा.

"मास्तर, शिकवताय की जेवताय?"

"तू चिडलीस की तुझं नाक आधी चिडतं. ते बघतोय."

"नाक नका बघू, पडदा बघा!"

"पडदा रोजच बघतो गं..."

मी कापू नये तो तुकडा कापला. त्याने न हसता तो परत जोडून दिला. आपलं मन तिथे गुंतलंय हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त वैताग आला होता. हा मुलगा खळी पाडायचा, केळी पुढे करायचा, पण सरळ एक शब्द बोलेल तर शपथ!

शेवटच्या दिवशी तो म्हणाला, "बोलणारी माणसं समोरासमोर दिसली पाहिजेत. तुझी दोन्हीकडची मंडळी एकाच बाजूला बघताहेत. बस पकडायला निघाल्यासारखी."

घरी गेल्यावर मला एक बटण सापडलं. चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं. मुलाकडची सगळी मंडळी मी एका फटक्यात फिरवली. अगदी समोरासमोर! मी स्वतःवरच खूश झाले. एलिकेमला दाखवावंसंही वाटलं नाही. हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ, म्हटलं.

शनिवारी सकाळी आजोबांच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली. टीव्ही जोडून द्यायला एलिकेम आला होता. प्रार्थना झाली, गाणं झालं, सगळे माना डोलवत होते. मग पडद्यावर मुलाचे काका उठले, वाकले आणि त्यांनी बाटली पुढे केली...

डाव्या हाताने.



"बंद करा ते!" आजोबांची काठी जमिनीवर आपटली. "डाव्या हातानं? माझ्या नातीला मागायला आलेत की माझा अपमान करायला? मोडलं हे लग्न!"

डेलाला रडू फुटलं. आमचे काका ओरडायला लागले. मागणीच्या वेळी मी तिथे हजर होते, मुलाच्या काकांनी उजवाच हात पुढे केला होता, हे मला लख्ख आठवत होतं. बहिणीचं लग्न मी एका बटणाने मोडलं होतं.

एलिकेम वाकून पुढे गेला. "आजोबा, चूक माझी आहे. समोरासमोर बसवा असं मीच शिकवलं. पडद्यावर काकांच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय का बघा."

आजोबांनी डोळे बारीक केले. अक्षरं उलटी होती. एलिकेमने एक बटण दाबलं. अक्षरं सुलटी झाली, काकांचा हातही उजवा झाला. आजोबांनी तो भाग तीनदा बघितला.

"हं," ते अखेर म्हणाले. "माणूस बरा वाटतो. काढा तारीख."

डेला माझ्या गळ्यात पडली आणि लगेच तिने मला एक सणसणीत चापट मारली. दोन्ही बरोबरच होतं.

आजोबांची नजर आता एलिकेमकडे वळली. "पोरी, याला पाणी दे." मी पेला आणून दिला, तो प्यायला. मग आजोबांनी पाहुण्याला रीतीने विचारायचं ते विचारलं, "बोल बाबा, कशासाठी आलास?"

"टीव्ही जोडायला," असं साधं उत्तर होतं. एलिकेमने तोंड उघडलं, मिटलं. माझ्याकडे बघितलं. त्याने कान खाजवला.

"यायरासाठी," तो म्हणाला.

"तीन आठवडे!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "तीन आठवडे शेजारी बसून केळी खाल्लीस, आणि हे आत्ता? इथे?"

"तिथं... तुझ्या हातात कायम कापायचं बटण असायचं."

अंगण खदखदून हसलं. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझा चेहरा निरखला. मी खाली बघत होते आणि माझं काही केल्या हसू थांबत नव्हतं.

"रिकाम्या हातानं कुणी मागणी घालतं होय?" ते एलिकेमवर गुरगुरले. "ऊठ. घरी जा, आणि तुझ्या काकांना घेऊन ये."