तांदळात लिहिलेलं नाव

फुनाबोरी स्टेशनसमोरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, झेरॉक्स मशीनचं झाकण उचललं, तर आत कुणाचं तरी पत्र! करखात्याचं. वर नाव — अंबरीष देवस्थळी. आत्ताच बाहेर पडला तोच असणार... छत्री न उघडताच मी भुरभुरत्या पावसात धावले.

"अहो देवस्थळी!"

तो गर्रकन वळला. टोकियोत मराठी हाक ऐकून असा काही हसला, की मी पत्र द्यायचंच विसरले.

"वाचलंत?"

"सवयच आहे हो! मी चारुता. मोरी-सान नावाच्या करसल्लागारांकडे असते. अशा पत्रांना उत्तरं लिहिणं हेच माझं काम. तुमच्या आईचं नाव काय — लता की जयमाला?"

त्याचा चेहरा पडला. "दोन्ही."

त्याचा जन्म आजोळी झालेला. आजोबांनी जन्मदाखल्यावर लेकीचं माहेरचंच नाव घातलं, लता. सासरी मात्र ती जयमाला. तोयोसुच्या आयटी कंपनीत लागल्यापासून अंबरीष दरमहा जयमालाबाईंना पैसे पाठवायचा आणि आई आपल्यावर अवलंबून म्हणून करात सूट घ्यायचा. आता करखातं विचारत होतं, या तुमच्या आई कशावरून? दहा दिवसांत पुरावा नाही दिला, तर खोटी माहिती दिल्याचा डाग. आणि पुढच्याच महिन्यात व्हिसा रिन्यू करायचा होता.

"माझीच आई, आणि मी सिद्ध करायचं?" तो तडकला.

"चिडायचं नाही. आधी तसदीबद्दल क्षमा, मग मुद्दा. इथे असंच लिहितात."

लता आणि जयमाला एकच, असं प्रतिज्ञापत्र पुण्याहून आलं. सोबत आईंनी आपणहून लग्नातला एक फोटो पाठवला होता. ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं 'जयमाला', आणि त्या नव्या नावाकडे बघणारी बावरलेली लता.

मी टाइप करते म्हटलं, तरी अंबरीषने पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. अख्खा रविवार एकेक जपानी कांजी अक्षर गिरवत बसला. सात पानं फाडली, पण कंटाळला नाही. शेवटी आपल्या मनाने एक ओळ घातली — 'नाव बदलताना तिला कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्या दोन्ही नावांचा मुलगा आहे.' मोरी-साननी ती दोनदा वाचली आणि उगाचच चष्मा पुसला. मी तर... प्रेमातच पडले. सरळ सांगते.

पंधरवड्याने उत्तर आलं. मान्य!

त्या संध्याकाळी स्टेशनवर माझ्या हातात कॉफीचा गरम कॅन ठेवत तो म्हणाला, "चारुता-सान..."

"ऑफिस सुटलंय. नुसतं चारुता म्हटलंत तरी चालेल."

"मग तेच नाव राहू दे ना. म्हणजे... आपल्या लग्नात. तांदळात मी 'चारुता'च लिहीन. पण आधी विचारतोय... चालेल?"

कॅनपेक्षा माझे कान जास्त तापले होते.

"उत्तराला मुदत किती?"

"दहा दिवस. नियमाप्रमाणे."

गाडीला चार मिनिटं होती. मी ती यायच्या आधीच हो म्हणून टाकलं.