आलेली केबल

"अहो, मारताय कशाला त्याला? झाकण आहे ते, उनाड पोरगं नाही."

पेट्रोल पंपाला लागूनच तिच्या वडिलांचं गॅरेज. चिंधीला हात पुसत ती तिथून चालत आली होती. गाडीच्या टाकीवरच्या झाकणावर थापा मारणारा चष्मेवाला वळला.

"उनाड पोरांनाही मारत नाही मी. मास्तर आहे," तो म्हणाला. "पण दहाला आईचं डायलिसिस आहे, दवाखाना बावीस किलोमीटर, काटा तळाला... आणि हे उघडत नाहीये."

मागच्या सीटवरून त्याची आई म्हणाली, "मघापासून गाडीशी भांडतोय. माझ्याशी भांडला असता तर मी हरले तरी असते."

गॅरेजवाल्याच्या या लेकीला सगळे मिस्त्रीणच म्हणत. तिनं ड्रायव्हरच्या सीटखालचा खटका उचलला. सैल, पडायला आलेल्या दातासारखा.

"मी ओढते. तुम्ही झाकणाला कान लावा. टक् होतंय?"

"काहीच नाही."

"म्हणजे केबल तुटली."

डिकीचं अस्तर बाजूला सारून तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला, आतली खिट्टी बोटांनी मागे ओढली आणि झाकण उघडलं. मग खिट्टीला नायलॉनची दोरी बांधून तिचं टोक डिकीत आणून ठेवलं.

"नवी केबल मागवते. तोवर ही दोरी. पण तुम्ही ओढू नका हं, तिरकी ओढलीत तर खिट्टी मोडेल."

"मग कोण ओढणार?"

"मी आहे की."

बोलून गेली खरी... आणि मग दर मंगळवारी, दर शुक्रवारी सव्वानऊला तिचे कान रस्त्याकडे लागू लागले. त्याची आई आता तिची काकू झाली होती.

"तुमच्या नाकाला ग्रीस लागलंय," तो एकदा म्हणाला.

"असू दे. गंजायचं नाही."

"पुसू का?"

"खडूच्या हातानं? नाक पांढरं कराल – मग लोक विचारतील."

"काय विचारतील?"

ती डिकीत डोकं घालून दोरी ओढायची. तिथे अंधार असतो, एवढं बरं.

केबल सहाव्या दिवशीच आली होती. देव माणसाला मोहात पाडतो ना, तेव्हा आधी हाताशी एखादी चांगली सबब देतो. आज काकूंना उशीर होतोय, मंगळवारी सांगू. आज मास्तर दमलेत, शुक्रवारी सांगू. केबल ड्रॉवरमध्ये राहिली आणि तीन आठवडे सरले.

चौथ्या शुक्रवारी तिनं दोरी ओढली आणि ती तुटून हातात आली.

नऊ वाजून वीस मिनिटं, काटा पुन्हा तळाला. घड्याळाकडे न बघताही तिला कळत होतं. गॅरेजमधली एकुलती एक चालती गाडी घेऊन वडील सामान आणायला गेले होते. मागे एकदा डायलिसिस चुकलं, तेव्हा दोन दिवस काकूंना श्वास पुरला नव्हता. आजही पावलं सुजलेली, चपलेत मावत नव्हती.

तिनं अस्तर ओरबाडलं, हात घातला. तुटलेल्या दोरीची गाठ खिट्टीखाली जाऊन बसली होती. बोटांनी निघेना. नऊ पंचवीस.

"दुसरी गाडी बघू का?" त्याचा आवाज कोरडा पडला होता.

"दहा मिनिटं तरी जातील त्यात. इकडे या. झाकण आत दाबून धरा, सोडू नका. खिट्टीवरचा ताण जाऊ दे."

"असं?"

"आणखी. मास्तर, आणखी दाबा."

पक्कड दोनदा घसरली. पत्र्यानं मनगट खरवडलं. "काय गं," काकू म्हणाल्या, "मुहूर्त बघतेयस का?" पण त्यांचा आवाज आज बारीक होता. देवा, माझी शिक्षा त्यांना नको... तिसऱ्यांदा पक्कड धरली. गाठ निसटली. टक्.

पेट्रोल भरून झालं. मग त्यानं विचारलं, "केबल अजून आलीच नाही का हो?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. अक्षरं दोन.

"आलीय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. ड्रॉवरमध्ये आहे. मी... मी सांगितलं नाही. बसवली असती तर तुम्ही थांबला नसतात."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हसला नाही, रागावलाही नाही. ते जास्त वाईट होतं. गाडी निघून गेली.

ती बाकड्यावर बसून राहिली. मनगटावर फुंकर घालायचंही सुचलं नाही.

पावणेअकराला तीच गाडी परत आली. मागची सीट रिकामी.

"वेळेत पोचलो," तो म्हणाला. "मशीन लावलंय, चार तास आहेत. केबल बसवा."

तिनं मुकाट्यानं बसवली. खटक्याशी तो, झाकणाशी ती.

"ओढा."

टक्.

"पुन्हा."

टक्.

"आईच्या जिवाशी खेळ होता हा," तो आतूनच म्हणाला.

"हो."

"मीही तोच खेळत होतो." तो खाली उतरला. चष्मा काढून उगाच पुसू लागला. "टाकीत चाळीस लिटर मावतं. मी दर वेळी पाचच घालत होतो. का, ते... आईनं आज वाटेत विचारलं. मी नुसता हॉर्न वाजवला. ती म्हणाली, दोघं सारखेच दिवटे आहात."

तिच्या हातातली पक्कड तशीच राहिली.

त्यानं गाडी पंपावर नेली आणि पंपवाल्याला सांगितलं, "टाकी फुल करा."

आकडे फिरू लागले. बरोबरच आहे, असंच करायला हवं... ती मनाशी म्हणत होती, आणि दर पाच लिटरला एक भेट वजा करत होती. तीन आठवडे आता या गाडीला इथे थांबायचं कारण नव्हतं.

"मंगळवारी आई चार तास आत असते," तो नळीकडे बघत म्हणाला. "मी बाहेरच्या बाकावर वह्या तपासत बसतो. बाक लांब आहे."

"मला वह्या तपासता येत नाहीत."

"शेजारी बसता येतं?"

तिनं हात पुसले. एकदा, मग पुन्हा एकदा, अगदी नखांपर्यंत.

"येतं," ती म्हणाली. "सव्वानऊला तयार राहते."