तिसरा खिळा

त्या दिवशी सकाळीसुद्धा बाबांनी पंपवाल्याला उंबऱ्यावरच अडवलं.

"बिल्ला?"

"काका, चहाला आलोय. खाणीत नाही उतरत."

"आत येणारा माणूस आधी बिल्ला टांगतो, मग चपला काढतो."

पंपवाल्याने मुकाट्याने खिशातून पितळी बिल्ला काढला, दाराशेजारच्या फळीवर तिसऱ्या खिळ्याला अडकवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाबांच्या लेकीकडे पाहत हळूच म्हणाला, "आलो वर."

ती हसली नाही. त्याच्या चहात साखर तेवढी दुसऱ्यांदा पडली.

खाण चालू होती तेव्हा बाबा दिव्यांच्या खोलीत कामाला होते. उतरणाऱ्या प्रत्येकाला एक दिवा आणि नंबर कोरलेला एक बिल्ला द्यायचा. माणूस वर आला की बिल्ला पुन्हा खिळ्यावर. पाळी सुटल्यावर एखादा खिळा रिकामा दिसला की अख्ख्या वसाहतीच्या घशाला कोरड पडायची. काम कायमचं सोडून जाणारा मात्र बिल्ला खिळ्याला लावत नसे. तो बाबांच्या हातात ठेवायचा, आणि हातात ठेवलेला बिल्ला पुन्हा टांगला जात नसे. लहानथोर सगळे त्यांना दिवेकाका म्हणत. पुढे खाण बंद पडली. दिवे भंगारात गेले, बायका ज्या नळावर भांडायच्या त्या नळाला गंज चढला, रिकाम्या खोल्यांची दारंसुद्धा कुणीकुणी उचलून नेली. दिवेकाकांनी मग घरातच फळी ठोकली. कोपऱ्यावर भाजीला जायचं असलं तरी बिल्ला घेऊन जायचं, आल्यावर टांगायचं.

"माणूस घरात आहे की बाहेर, हे भिंतीकडे बघून कळलं पाहिजे," ते म्हणत. आई गेली त्या दिवशी तिचा बिल्ला त्यांनी स्वतः उतरवला होता, खिळाही उपटला होता, आणि कितीतरी वेळ मुठीत धरून बसले होते.

पंपवाला गेल्या हिवाळ्यात आला. बंद खाणीत पाणी चढत होतं, घरांखालची जमीन खचू नये म्हणून ते उपसायला. ती बाबांना शोधत जुन्या दिव्यांच्या खोलीपाशी गेली, तर धुक्यातून हा समोर... भुवयांवर दवाचे थेंब, हातात पाना.

"इथे दिवे मिळतात म्हणे?"

"मिळायचे."

"मग आता काय मिळतं?"

"माझे बाबा. जपून... चावतात."

तो इतका मोठ्याने हसला, की पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्या ओसाड गल्लीत असं हसू तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. घरी परतताना ती वाट चुकली — जन्म जिथे गेला त्याच वसाहतीत! आणि काही आठवड्यांनी बाबांनी, कुणालाही न विचारता, फळीवर तिसरा खिळा ठोकला आणि पंपवाल्याला एक जुना बिल्ला दिला.

चहा झाल्यावर ती त्याला पोचवायला पंपांपर्यंत गेली. पंपांच्या घरघरीत बोलायचं म्हणजे जवळ यावं लागे. दोघांचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

"पंप उचलायचा हुकूम आलाय," तो म्हणाला. "या आठवड्यातच. पाणी चढू देणार आता. वसाहत रिकामी करतील हळूहळू."

"आणि तू?"

"दुसरी खाण. दुसरं पाणी." तो तिच्याकडे वळला. "येशील माझ्याबरोबर?"

"बाबांना कुठे ठेवू? खिशात?"

"त्यांनाही नेऊ. फळीसकट!"

"ते नाही यायचे रे. इथल्या मातीनेच तर त्यांची छाती भरलीय."

"मग मला थांब म्हण. इथेच काहीतरी बघतो... एकदा म्हणून तर बघ."

तिने त्याच्या बाहीवरचा ग्रीसचा डाग पदराने पुसला. तो आणखीच पसरला.

संध्याकाळी बाबा खोकत खोकत खाटेवर उठून बसले. "पोरगा जाणार म्हणे."

"हो."

"तुझ्या मनात काही आहे का, बाई? असलं तर बोल. मला सांभाळायचं म्हणून मन मारू नकोस."

"तसं काही नाही, बाबा."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

त्यांनी फळीकडे पाहिलं. "बरं. मग तो खिळा काढून टाकू. उगाच भिंतीला भोक. उद्या बघू."

ते उद्या उठलेच नाहीत.

उरल्यासुरल्या घरांतली माणसं आली, रडली, गेली. तिला भिंतीकडे बघवेना. बाबांचा बिल्ला खिळ्यावर तसाच होता. भिंत सांगत होती, दिवेकाका घरात आहेत. तो उतरवायला तिचा हात उठत नव्हता. आणि त्याहून वाईट एक विचार छातीवर दगडासारखा बसला होता : आता तिला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. आता 'येते' म्हणायचं, म्हणजे इतके दिवस बाबांच्या जाण्याचीच वाट बघत होते असं म्हणायचं. कुठल्या तोंडाने?

मग एका दुपारी मांडणीवरच्या कपबशा थरथरायच्या थांबल्या. पंप बंद झाले होते. सारी वसाहत एकाएकी बहिरी झाल्यासारखी वाटली.

तो दारात आला, तेव्हा अडवायला कुणी नव्हतं. तरी तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"लॉरी भरलीय," तो म्हणाला. तळहातावर बिल्ला होता. "काका असते तर त्यांच्या हातात दिला असता. आता तूच घे."

तिने हात मागे घेतला.

"पुन्हा विचारणार नाही मी," तो हलकेच म्हणाला. "अशा दिवसांत विचारणं बरं नाही. फक्त... घे, म्हणजे मला जाता येईल."

वळणावर लॉरीने भोंगा दिला. त्याचा हात पुढेच होता. तिने बिल्ला घेतला नाही. ती वळली, फळीपाशी गेली, आणि बाबांचा बिल्ला खिळ्यावरून उतरवला. पितळ थंडगार होतं. मूठ मिटली तशी इतके दिवस कोरडी पडलेली तिची नजर भरून आली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज फाटला, तरी दारातल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती पुन्हा म्हणाली, "बाबा, मी खोटं बोलले तुमच्याशी. तुम्ही होतात म्हणून बोलता आलं नाही, आणि आता तुम्ही नाही म्हणून बोलवत नाही... पण मला हा माणूस आवडतो. खूप आवडतो. तो खिळा काढायचा नाही, बाबा."