निळ्या रेघा

चार वाजता स्वप्नचित्रक यंत्राने बाबांचं चौपन्नावं चित्र पडद्यावर आणलं. रंकाळ्याच्या पाण्यावर कोल्हापुरी चपला घालून उभा राहिलेला मासा, डोंगराच्या पोटात एक उघडं कपाट आणि त्यात कोंबून भरलेलं आभाळ.

एरवी शलाका खुदकन हसली असती. आज ती सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. शाळा सुटल्या सुटल्या ती गणवेशातच दवाखान्यात पळत आली होती.

तिचे बाबा म्हणजे आनंदा पेंटर, निम्म्या कोल्हापूरच्या भिंती रंगवलेला माणूस. भिंत रंगवताना बांबूच्या परांचीवरून पडल्यापासून आठ महिने ते डोळे मिटून पडून होते. त्यांच्या डोक्यावरची जाळीदार टोपी मेंदूतल्या लहरी टिपायची आणि यंत्र त्यांची चित्रं करायचं. जाणिवेची एकही खूण मिळाली नाही, म्हणून आज पाच वाजता यंत्र काढणार होते. उपचारही तिथंच थांबणार.

"ही नुसती स्वप्नं आहेत गं," डॉ. मुजावर म्हणाल्या. "स्वप्न कुणी ठरवून बघत नाही."

"मॅडम, रंगांखाली या फिकट निळ्या रेघा कसल्या?"

"खरखर आहे ती. दर वेळी पुसूनच तुम्हाला चित्र देतो. आज घाईत राहिली."

शलाकाने पडद्याला नाक लावून रेघा मोजल्या. आडव्या आठ, उभ्या बारा, सगळ्या सारख्या अंतरावर.

"खरखर एवढी शिस्तीची असती होय?"

निळीत बुडवलेला दोरा भिंतीवर ताणायचा आणि मधोमध धरून टक्कन सोडायचा, की सरळ निळी रेघ उमटायची. बाबांचं प्रत्येक काम तिथून सुरू व्हायचं. दुसरं टोक धरायला शलाका. हात हलला की ठरलेलं बोलणं, "भिंत पळती का गं तुझी?"

"पुसलेलं परत दिसंल का, मॅडम?"

डॉक्टरांनी मूळ चित्रं ओळीनं उघडली. पहिल्या चित्रात रेघा वेड्यावाकड्या होत्या. दहाव्यात जरा सावरलेल्या. चाळिसाव्यात सरळसोट. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि फोन उचलला. "सात नंबरच्या खाटेचं यंत्र हलवू नका."

मग त्या हळूच म्हणाल्या, "पण या चौकटी आखतात कशासाठी?"

"लहान चित्र मोठं करायला. आधी कागदावर, मग भिंतीवर."

बोलता बोलता शलाका थबकली. पडद्यावरच्या चौकटी बघता कागदावरचं काम तर आज पुरं झालेलं दिसत होतं. चादरीवर बाबांचा अंगठा आणि तर्जनी दोरा धरल्यासारखी चिमटीत जुळली होती. सकाळी शाळेत जाताना ती डोकावली तेव्हा जुळलेली नव्हती.

तिने समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. दुसरं टोक धरायला आता कुठं उभं राहायचं?