वायरलेसमधलं भोक

माझं काम सॉफ्टवेअरला छळण्याचं. एक प्रोग्राम आपोआप त्याच्यावर अर्थहीन डेटाचा मारा करत राहतो. ज्या तुकड्याने ते कोलमडतं, तिथे चोराला शिरायला भोक आहे असं समजायचं. त्या आठवड्यात मारा चालू होता वायरलेस सेटच्या सॉफ्टवेअरवर. मारा म्हणजे प्रोग्रामनेच बनवलेल्या आवाजाच्या फाइली, नुसती खरखर.

त्याच आठवड्यात दादा काम करत होता तो बोगदा कोसळला. तो मोजणीसाठी आत एकटाच गेला होता. बाहेर खणायची यंत्रं उभी होती, पण कुठून खणायचं तेच कोणाला कळत नव्हतं. घरी वहिनीसमोर बसवेना, म्हणून मी ऑफिस गाठलं.

दुपारी सॉफ्टवेअर कोलमडलं. सवयीने तो तुकडा हेडफोनवर ऐकला. खरखर, ठिबकणारं पाणी, आणि दादा.

"डावीकडून खणा. पाण्याच्या वरून."

मी हेडफोन शेजारच्या सहकाऱ्याला दिले. त्याने ऐकलं, ते टेबलावर ठेवले आणि मशीनच्या मागे वाकून पाहिलं. बाहेरच्या जगाशी जोडणारी एकही वायर नव्हती. आमच्या खोलीत ती असूच देत नाहीत.

पुन्हा मारा सुरू केला. पुन्हा कोलमडलं. तेच शब्द, जरा जवळून.

मी वहिनीला घेऊन बोगद्यापाशी गेले. बचाव पथकाच्या प्रमुखाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि घरी जाऊन झोप काढा म्हणाला. तेव्हा वहिनी पुढे झाली.

"तुमच्याकडे दुसरी दिशा आहे का?" तिने विचारलं. "नसेल तर या वेडीचं ऐका."

त्यांनी डावीकडून खणलं.

दादा जिवंत सापडला. तो होता ती पोकळी एका माणसाला कशीबशी पुरेल एवढीच होती.

तो हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर मी त्याला सगळं सांगत सुटले. रडत होते, मधेच हसत होते. तुझ्याच आवाजाने आम्हाला वाट दाखवली, म्हणाले. त्याचा चेहरा उतरत गेला.

"मी आत तोंडच उघडलं नाही," तो कुजबुजला. "श्वाससुद्धा दाबून घेत होतो. त्याला कळू नये म्हणून."

"कोणाला?" वहिनीने विचारलं.

"माझ्या आवाजात बोलत होता. त्याला बाहेर यायचं होतं."

वहिनीने त्याचा हात धरला.

दादाने आमच्या मागे, दाराकडे पाहिलं आणि बोट ओठांवर ठेवलं.