हिराच्या पॅनलवरची सावली

ही गोष्ट अगदी खरी आहे. साल सदुसष्ट, समुद्रापारच्या बेटावरचं गाव माएबूर्ग. वेळ रात्रीची नाही...

भर दुपारची.

अनुसयामावशी आजही ती सांगताना खाली बघते.

गावाबाहेरच्या एका शेडमध्ये तेव्हा उन्हावर वीज करणारी पॅनलं बनत. नखाएवढ्या, काचेसारख्या चकत्या. कौलं रचतात तशी एकीची कड दुसरीवर ठेवायची आणि डाख द्यायचा. एक चकती बिघडली की सगळी ओळ मेली.

अनुसया आणि हिरा शेजारी बसत.

एके दिवशी अनुसयाच्या हातून सात चकत्या तडकल्या. तिनं त्या हळूच हिराच्या ट्रेमध्ये सरकवल्या.

मिस्येनं, म्हणजे शेडच्या गोऱ्या साहेबानं "या कुणी तडकवल्या?" असं विचारलं, तेव्हा अनुसया खाली मान घालून डाख देत राहिली.

हिराचं काम गेलं. तिनं फक्त एकदा अनुसयाकडे पाहिलं.

शमें ग्रेनिए या गावी आईकडे जाऊन ती उसाच्या कामाला लागली. पावसात भिजली. तापानं गेली.

महिन्यानं हिरानं केलेलं शेवटचं पॅनल तपासायला अंगणात मांडलं. मीटरची सुई झरझर चढली.

अनुसया वही घेऊन जवळ गेली...

सुई खाली आली.

ढग नव्हता. झाड नव्हतं. अनुसयाची सावली तिच्याच पायाशी होती.

ती मागे सरली. सुई चढली.

पुढे आली... पडली.

मिस्येनं तारा बदलल्या, मीटर बदललं. शेडमधल्याच पुष्पाला पुढे पाठवलं, सुई ढिम्म हलली नाही. अनुसया गेली की पडायची.

तिनं पॅनलला हात लावला. सगळीकडे चटका बसत होता. मधली एकच ओळ...

थंडगार.

जणू कुणी कधीचं ऊन अडवून उभं होतं.

रविवारी ती बसनं हिराच्या आईकडे, बसंतीमावशीकडे गेली. रडत सगळं सांगितलं. बसंतीमावशी तांदूळ निवडत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "हिरानंच सांगितलं. तुझ्या घरी धाकटी भावंडं आहेत, कुणाला बोलू नको म्हणाली. तुझ्यावर राग नव्हता तिचा."

अनुसयाला मान वर करवेना.

सोमवारी मिस्येला खरं सांगून तिनं काम सोडलं.

अनुसयामावशी म्हणते, हिरा रागावली असती तर बरं झालं असतं.

निदान पॅनलसमोर कोण उभं होतं, ते तरी कळलं असतं...